आहेरातलं ॲडमिनपद

अक्कांनी एखाद्या माणसाकडे वरून खाली एकदा बघितलं, की त्याचा मान किती, राग किती आणि त्याला टॉवेल-टोपी चालेल की फेटाच लागेल, हे त्यांना कळायचं. यात मी तिळभर वाढवून सांगत नाही. वाढवून सांगतो ते पुढे येईल, तेव्हा तुमचं तुम्हालाच कळेल.

धारूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. लग्नसराईत चाळीस गावांचा बस्ता तिथे बांधला जायचा, आणि चाळीस गावांत कोण कुठल्या लग्नात कशावरून रुसलं, हे अक्कांना तोंडपाठ. गळ्यात कात्री, कानावर पेन्सिल, सोमवारी कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. वरपक्ष दुकानात शिरला की यादी न बघता सांगायच्या, "आत्याबाईला हिरवी देऊ नका. मागल्या टायमाला हिरवीच दिलती, तिनं ती मांडवातच गाईच्या पाठीवर टाकली." गाय कुणाची होती आणि तिला हिरवा रंग कसा शोभला, हेही सांगायच्या.

त्यांच्या दुकानात साड्यांच्या दोन थप्प्या असायच्या. एक मानाची आणि एक नेसायची. मानाची साडी म्हणजे काठ रुंद, चकाकी डोळे दिपवणारी, खोक्यावर मोर. ती नेसायची नसते. ती मिळते, कपाटात जाते, पुढच्या लग्नात दुसरीकडे जाते. अक्का म्हणायच्या, त्यांच्या दुकानातली एक जांभळी साडी पाटोद्यापर्यंत सतरा लग्नं फिरून परत त्यांनाच आहेरात आली. घडी तशीच, टाचणीसुद्धा तशीच. नेसायची साडी मात्र त्या आतून काढायच्या, हातात चुरगाळून दाखवायच्या आणि मगच द्यायच्या.

अशा बाईचा आणि संगणकाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून, डोळ्यांचा नंबर आणि पोटाचा घेर दोन्ही वाढवून गावी परतलो होतो, आणि आमच्या सीताफळवाल्यांच्या कंपनीत काम बघत होतो. काम सोपं. बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यांवरून फळं आणायची, गर काढायचा, गोठवायचा. पण सीताफळ हे लई आतल्या गाठीचं फळ. झाडावर दगडासारखं बसून राहील, तोडलं की मात्र दुसऱ्या दिवशी डोळे उघडतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं जे होतं ते चमच्यानेच उचलावं लागतं. म्हणजे सगळा खेळ गाडीचा. गाडी वेळेवर वाडीवर गेली तर माल, नाहीतर माश्या.

म्हणून मी एक ॲप आणलं. सगळ्यांच्या फोनवर एकच फळा. आज तोड कुठे, गाडी किती वाजता कुठे, सगळं त्यावर दिसणार. त्यात प्रत्येकाला पद द्यायचं असतं. कुणी नुसतं बघायचं, कुणी खाली शेरा लिहायचा, कुणी बदल करायचे, आणि एकदोघांनीच माणसं घ्यायची-काढायची आणि कुणाला काय करू द्यायचं ते ठरवायचं. त्या एकदोघांना ॲडमिन म्हणतात. हे मी आमच्या अकरा संचालकांना तासभर समजावलं. अकराही जणांना फक्त शेवटचा शब्द ऐकू आला.

"अध्यक्षाला ॲडमिन केलं व्हय?" उपाध्यक्ष म्हणाले. "मग आमी काय भजी तळायला हाव का बे?"

उपाध्यक्षांना केलं. मग खजिनदार जेवायचे थांबले. त्यांना केलं. मग एकाने बैठकीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अकराही जण ॲडमिन झाले, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ज्याला पद मिळालं त्याने ते वापरून दाखवलं.

पहिल्याच तोडीच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या घरून, आपापल्या अंगठ्याने, गाडी आपापल्या वाडीकडे ओढली. गाडीचा ड्रायव्हर धर्मापुरीचा, सरळ माणूस. फोन वाजला की फळा बघायचा आणि गाडी वळवायचा. धारूरच्या घाटात त्याने एकवीस वेळा गाडी वळवली. माकडं कठड्यावर ओळीने बसून बघत होती, आणि बाविसाव्या वेळी त्यांनीच त्याला हात करून थांबवलं, असं तो शपथेवर सांगतो. शेवटी गाडी कडेला लावून तो लिंबाखाली आडवा झाला. मागे फळांनी डोळे उघडले, मिटले, परत उघडले, आणि दुपारी गाडीच्या फाळक्यातून घाटात रबडी वाहू लागली.

त्याच गोंधळात कुणाचा तरी अंगठा भलतीकडे पडला आणि अध्यक्षांच्या फोनवर मजकूर आला: तुम्हाला या टीममधून काढण्यात आले आहे.

अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणायचो. कंपनी त्यांनीच उभी केलेली. त्यांनी तो मजकूर तीनदा वाचला, फोन उलटा ठेवला, चप्पल घातली आणि घरी गेले. कुणी काढलं, यावर चार दिवस खल झाला. शेवटी सगळ्यांच्या मते ते रेंजने केलं. मीही तेच म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो.

अण्णा गेले, आणि रिकाम्या झालेल्या गादीवर कुणाला बसवायचं यावरून दहा जण रुसायच्या बेतात आले. तेव्हा दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळ्या झालेल्या अक्कांचं नाव निघालं. त्यांच्यावर रुसायची सोय कुणालाच नव्हती. प्रत्येकाच्या लग्नाचा बस्ता त्यांनीच फाडला होता, आणि त्यात कुणाला मानाची गेली नि कुणाला नेसायची, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या आल्या, ऑफिसातलं टेबल हलवून तिथे दुकानातली पांढरी गादी टाकली, लॅपटॉप कापड मोजायच्या फळीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "बस रं इंजनेर. हे काय हाय, ते मला गिऱ्हाईकाला दावल्यासारखं दाव."

मी दाखवलं. बघणारा, शेरे मारणारा, बदलणारा, सगळं ठरवणारा.

"दुकानातबी चारच येतात की," त्या म्हणाल्या. "नुसतं बघणारं, नावं ठेवणारं, घेणारं, आन मालक. आता सांग, ह्या पदांना आपल्या मनानं नावं देता येतात का?"

"येतात."

"नाव मोठं, आन अधिकार बारका, असं करता येतं?"

"येतं, पण अक्का..."

"मग पण कावून? मला चाव्या दे आन तू च्या सांगून ये."

चहा घेऊन आलो तोवर त्यांचं अर्धं झालं होतं. आठ दिवसांनी सभेत नवी पदं वाचून दाखवली गेली. उपाध्यक्ष झाले सर्वाधिकारी. खजिनदार झाले परमाधिकारी. कुणी मार्गदर्शक शिरोमणी, कुणी विभागीय अधिष्ठाता. एकाला नाव आवडेना, तर अक्कांनी तिथल्या तिथे पुढे 'राजमान्य' लावून दिलं. प्रत्येकाच्या फोनवर नावापुढे सोनेरी पट्टी. दोघांनी तर ती लग्नपत्रिकेत छापली. आणि त्या पट्टीखाली अधिकार काय? बघायचं आणि शेरा लिहायचा. बस.

सभा संपल्यावर माझ्या हातातल्या रुमालाची त्यांनी साडीसारखी घडी घातली. विचार करताना हाताला येईल त्याची त्या घडी घालायच्या. एकदा पाहणीला आलेल्या साहेबाचं उपरणं त्यांनी बोलता बोलता काढून, घडी घालून, खोक्यात ठेवून दिलं होतं. तो साहेबही मुकाट्याने खोकं घेऊन गेला. तर त्या रुमाल घडी करत म्हणाल्या, "दहाबी जणांना मानाची दिली. कुणीबी नेसणार न्हाई. घडी मोडायची न्हाई, एवढंच बघायचं."

आम्ही दोघं दोन हंगाम त्यावर पोट धरून हसलो. एखादा संचालक तोऱ्यात "मी सर्वाधिकारी म्हणून सांगतो" असं लिहायचा, आणि अक्का माझ्याकडे बघून साडीचा काठ चाचपल्यासारखी बोटं चोळायच्या. मला खोकला काढावा लागायचा.

माझं पद होतं 'मुख्य तंत्र-महासर्वाधिकारी'. दहांपेक्षा दोन अक्षरं जास्तच. सेटिंगचं बटण मला दिसत नव्हतं, ते मी एकदा विचारलं. अक्का म्हणाल्या, "येवढ्या मोठ्या माणसानं बटणं दाबत बसायचं असतं व्हय?" मला ते पटलं. का पटलं ते विचारू नका. गाडीच्या वेळा मी तोंडी सांगायचो आणि फळ्यावर रोज अक्काच लावायच्या, त्यामुळे बदलायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती.

अधिकारांच्या बाबतीत त्यांचे कायदे कडक. एक फोन, एक माणूस. "एका लुगड्यात दोघी मावत न्हाईत," म्हणायच्या. हंगाम संपला की गर काढायच्या गाळणीवरच्या बायकांची नावं त्याच दिवशी बंद, आणि दसऱ्याला परत चालू. त्या बंद करताना एकेकीला फोन करून सांगायच्या, "काढलं न्हाई गं, घडी करून ठेवलंय." 'काढलं' या शब्दाने अण्णा गेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. आणि ड्रायव्हरला सक्त ताकीद होती, की गाडी फक्त फळ्यावरच्या हुकमाने वळेल. फोनवरून साक्षात महादेव बोलला तरी गाडी वळवायची नाही. ड्रायव्हरने ते देवघरात लिहून लावलं होतं.

सगळं ठरवण्याचा खरा अधिकार असलेलं पद त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, आणि त्याला नाव दिलं होतं 'फडकं'. यादीत अगदी तळाला. कुणी त्याकडे ढुंकून बघत नसे. फडकं व्हायला कोण रुसणार?

तिसऱ्या हंगामात अक्कांनी अंबाजोगाईला मोतीबिंदू काढला. आठ दिवस फोन बघायचा नाही म्हणून तो बंद करून लेकीच्या बटव्यात. जाताना मला म्हणाल्या, "सगळं लावून ठेवलंय. काय अडलं तर यादी तळापासून वाच." मी हो म्हणालो. महासर्वाधिकाऱ्याने यादी तळापासून कशाला वाचावी?

तिसऱ्याच दिवशी सकाळी घाटात कापसाचा ट्रक आडवा झाला. रस्ता बंद. आमची गाडी अलीकडे अडकली, आणि पलीकडे डोंगरातल्या दोन वाड्यांवर बायका माल तोडून वाट बघत बसलेल्या. त्या दोन वाड्या आधी एका व्यापाऱ्याला माल द्यायच्या. महिनाभर ओट्या-ओट्यावर बसून मी त्यांना आमच्याकडे वळवलं होतं. आदल्या सांजेला त्यांच्यातल्या म्होरक्या मावशीने मला स्पष्ट विचारलं होतं, "इंजनेर, तुझ्या शब्दावर तोडतोय. गाडी न्हाई आली तर?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो होतो, "मावशी, गाडी माझ्या बोटावर चालती."

आता गाडी दुसऱ्या रस्त्याने, उलट्या क्रमाने पाठवायची होती. म्हणजे फळ्यावर एक ओळ बदलायची. दुपारपर्यंत गाडी गेली नाही, तर व्यापाऱ्याचा टेम्पो तिथे उभाच राहणार होता, आणि त्या वाड्यांवर माझ्या शब्दाला पुढे कुत्रंही विचारणार नव्हतं.

संचालक ऑफिसात गोळा झाले. सर्वाधिकारी पुढे सरसावले, फोन काढला, दाबला, पडद्याकडे बघितलं, आणि फोन हळूच खिशात सरकवला. "रेंज न्हाई," म्हणाले. परमाधिकाऱ्यांनी दाबला. त्यांची बॅटरी गेली. शिरोमणींचा चष्मा घरी राहिला होता. अधिष्ठात्यांचा अंगठा दुखत होता. मला आतून गुदगुल्या होत होत्या. प्रत्येकाला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. सगळ्यांची होऊ दिली, मग म्हणालो, "व्हा बाजूला." आणि दाबलं.

पडद्यावर आलं: या कृतीसाठी तुम्हाला परवानगी नाही.

माझी रेंज पूर्ण होती. बॅटरी नव्वद टक्के होती. चष्मा नाकावर होता. मी म्हणालो, "रेंज न्हाई." आणि खोटं उघडं पडू नये म्हणून फोन बंद करून टाकला.

आता अकराही जण एकमेकांचे खिसे सोडून बाकी सगळीकडे बघत होते. मला अक्कांचं वाक्य आठवलं. ऑफिसच्या संगणकावर यादी उघडली आणि तळापासून वाचली. फडकं, दोन जण. एक अक्का. दुसऱ्याचं नाव नुसतं 'जुने', आणि चित्रात मोर. आम्ही इतके दिवस ते झाडलोटीचं खातं समजत होतो.

"हा मोर कुणाचा?" सर्वाधिकारी म्हणाले.

गावात लोखंडी फाटकावर मोर एकाच्याच घरी होता. अण्णांच्या.

दोन वर्षं अण्णांच्या दारात आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. आणि रुसलेल्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. आम्ही धावत अक्कांच्या दुकानात गेलो. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांच्या मुलाने कपाटातून खोकं काढलं. आत गुलाबी फेटा, घडी घातलेला.

"आईनं जातानाच काढून ठिवलाय," तो म्हणाला. "म्हणली, अकरा जण पळत येतील, तोंडं उतरलेली असतील, त्यांना दे."

अण्णा ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. "बसा," म्हणाले. बसलो. चहा आला. एकेकाच्या घरचं विचारलं. म्हशींचं विचारलं. दुसरा चहा आला. माझ्या डोळ्यांपुढे दोन वाड्यांवरची सीताफळं एकेक डोळा उघडून माझ्याकडे बघत होती. सर्वाधिकाऱ्यांनी फेटा बांधला. अण्णांनी आरसा मागवला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. एक पीळ सोडून परत बांधायला लावला.

मग म्हणाले, "बोला."

मी सगळं सांगितलं. ट्रक, घाट, वाड्या, मावशी, माझा शब्द.

"गाडी कवाच गेली की," अण्णा म्हणाले. "ट्रकचं सकाळीच गावभर झालतं. तुमी दुकानात फेटा घेत होता ना, तवा वळवली. फळ्यावर दिसतंय. फोन न्हाईत का तुमच्याकडं?"

अकरा जणांकडे फोन होते. रेंज नसलेले, बॅटरी गेलेले, चष्म्यावाचून अडलेले. खोटं बोलल्यापासून एकालाही तो खिशातून काढायची सोय राहिली नव्हती.

"मी रोज पाचला उठून फळा बघतो," अण्णा म्हणाले. "अक्का घरी आली, म्हणली, तुमाला मानाचं न्हाई देत, फडकं देते, घेता का? मी म्हणलं, दे. हात कवाच लावला न्हाई. आजच लावला." मग ते माझ्याकडे वळले. "आन काय बे इंजनेर, फडक्याला आनखी एक दिसतं. नोंद. कुणी कवा काय केलं, मिन्टासकट. मला त्या दिवशी कुणी काढलं, तेबी."

मी कपबशी खाली ठेवली.

"रेंजनं काढलं म्हणं मला," अण्णा म्हणाले.

दहा जणांनी माझ्याकडे बघितलं. तोंडात वाक्य तयार होतं, रेंजचंच. दोन वर्षं ते मला साथ देत आलं होतं. पण तिकडे गाडी त्याच माणसाने माझा शब्द राखायला पाठवली होती, जो माझ्यामुळे घरी बसला होता.

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "अंगठा माझा होता." आणि पाय धरले.

अण्णांनी बराच वेळ उठवलं नाही. मग म्हणाले, "उठ. फेटा पडंल माझा."

गाडी साडेअकराला वाडीवर पोचली होती. सांजेला मी फोन चालू केला, तर म्होरक्या मावशीचा निरोप होता: बोटाला तेल लाव, आज लई चाललं.

अक्का काळा चष्मा लावून परत आल्या तेव्हा मी फुगून बसलो होतो. "अक्का, दोन वर्सं माझ्यासंगं हसलात. आन मलाबी मानाचीच दिलती?"

"तुला लई भारी दिलती," त्या म्हणाल्या, आणि माझा रुमाल घडी करायला घेतला. "जरीचा पदर होता तुला. त्या दहांना नुसता काठ."

"आन अण्णांना फडकं कावून?"

"रुसलेलं माणूस हात लावीत न्हाई, पर डोळाबी काढीत न्हाई. माझ्या दुकानावर रुसून गेलेली बाई रोज समोरून जायची, शोकेसमदलं काय हाललं ते बघायला."

पुढच्या दसऱ्याला अण्णा परत अध्यक्ष झाले. सभेत त्यांना नवं पद विचारलं, तर म्हणाले, "फडकंच राहू द्या." तेव्हापासून सर्वाधिकाऱ्यांना सोनेरी पट्टी जरा टोचायला लागली, पण काढून द्या असं काही ते म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी अक्का लेकीकडे लातूरला राहायला गेल्या. जायच्या सकाळी मी फोन उघडला, तर माझ्या नावापुढची सोनेरी पट्टी गायब. यादीत वर शोधलं, मधे शोधलं, आणि अगदी तळाला सापडलो. फडकं.

तीन सेकंद मी रुसलो, हे कबूल करतो. चौथ्या सेकंदाला कोपऱ्यात एक बटण दिसलं जे आजवर कधी दिसलं नव्हतं. त्याखाली दुसरं. माणूस घ्या. माणूस काढा. अधिकार बदला. नोंद बघा. अंगठा आपोआप मागे आला.

मी त्यांना फोन लावला. "अक्का, मला नेसायची दिली?"

"त्या दिशी अण्णापुढं रेंजचं नाव काढलं न्हाईस, तवाच आतून काढून ठेवलती," त्या म्हणाल्या. "चुरगाळून बघितली. टिकंल."

स्वतःसाठी त्यांनी शेवटचं पद ठेवलं होतं 'पाव्हणी'. फक्त बघायचं. शेरासुद्धा लिहायचा नाही. पहाटे पाचला फळा उघडला की यादीत दोन हिरवे ठिपके असतात, एक मोराचा, एक लातूरचा. सहाला माझा फोन वाजतो.

"पाव्हणीला लिहायची परवानगी न्हाई, म्हणून फोन केला," अक्का म्हणतात. "वरच्या वाडीला गाडी पावणेआठला कावून लावलीस रं? माल आठच्या आत डोळे उघडंल."

मी म्हणतो, अक्का, पाव्हण्याने बोलायचं नसतं. मग उठतो, तोंडसुद्धा न धुता वेळ बदलतो, आणि नोंदीत मिनिटासकट माझं नाव पडतं.